दहा पावलं इकडे-तिकडे

पुणे, ४ नोव्हेंबर २०२४

काका, नमस्कार.

फोनवर तुम्ही "हो हो" म्हणून ठेवून देता आणि मागाहून कमळाकाकू सांगते की तुम्हाला एक शब्दही ऐकू आला नव्हता. मालगाडीच्या गार्डाच्या डब्यात तीस वर्षं काढल्यावर कान शाबूत राहतील अशी अपेक्षाही नाही. म्हणून पत्र. उत्तरही पत्रानेच द्या.

काम सोपं आहे. झाशीजवळच्या बिजौलीच्या कारखान्यांपासून पुढे नऊ किलोमीटरवर पिपरिया नावाचं गाव आहे. तिथे कालव्याचं पाणी आल्यापासून काही जमिनी क्षारपड झाल्याची तक्रार आहे. गावात चारशे बारा शेतं. सगळ्यांची माती तपासायला आमच्या कार्यालयाकडे ना माणसं आहेत ना वेळ. म्हणून एकशेवीस ठिकाणची माती तपासायची, उपग्रहाचे फोटो त्याला जोडायचे, आणि उरलेल्या शेतांत किती क्षार असतील याचा संख्याशास्त्राने अंदाज बांधायचा. हा अंदाज बांधणारं मॉडेल मी करते आहे. माती गोळा करायला नेमलेला माणूस दोन महिन्यांपूर्वी पसार झाला, आणि झाशीत माझ्या ओळखीचा, वक्तशीर, निवृत्त आणि घरात काकूला वैताग देणारा माणूस एकच आहे.

सोबत एकशेवीस छापील चिठ्ठ्या पाठवते आहे. प्रत्येकीवर जागेचा क्रमांक आणि नकाशातली खूण आहे. त्या जागी वीतभर खोल खणायचं, माती पिशवीत भरायची, चिठ्ठी लावायची. जागा अगदी तंतोतंत सापडली नाही तरी हरकत नाही, दहा पावलं इकडे-तिकडे चालतील. फक्त पेरणीच्या आधी उरका.

तुमची,
अंबिका

झाशी, २६ नोव्हेंबर २०२४

चि. अंबिकेस,

आशीर्वाद आहेतच, पण आधी तक्रार ऐक. तुझं पाकीट रेल्वे कॉलनीत गेलं. मला निवृत्त होऊन सहा वर्षं झाली आणि आम्ही ओरछा गेटच्या आत राहतो, हे तुला ठाऊक असूनही तू जुनाच पत्ता घातलास. माझ्या क्वार्टरमध्ये आता राहणाऱ्या मुकेशजींनी ते आणून दिलं तेव्हा पंधरा तारीख उजाडली होती. पेरणी कधीच होऊन गेली. पेरणीआधी उरका म्हणायला तुझं काय जातं?

तरी गेलो. बड्या बाजारात माती काढायचं गिरमिट मिळेल म्हणून तीन दुकानं फिरलो. तिसऱ्या दुकानदाराने माझ्या हातात सुताराचं गिरमिट ठेवलं. शेवटी खुरपं घेतलं. सकाळी टेंपोने बिजौली, पुढे मिळेल त्या ट्रॅक्टरवर. गावात पहिले दोन दिवस सगळ्यांना वाटलं मी जमीन मोजायला आलोय, म्हणून कोणी बोलेना. भानुमती नावाची एक बाई आहे, पन्नाशीची, नवरा गेलेला, एकटी शेत करते. तिने पहिल्यांदा विचारलं की भैयाजी, चाय पियोगे? त्यानंतर गाव बोलायला लागलं.

साठ पिशव्या पाठवतो आहे. सगळं काम चिठ्ठीबरहुकूम केलंय. गहू नुकताच उगवून आलाय, पण माझ्या हातून एक रोप मोडलं नाही की कुणाशी वाद झाला नाही. उरलेल्या साठ महिन्याभरात.

काकू म्हणते पुण्यात थंडी पडली तर स्वेटर घालत जा.

जगन्नाथकाका

पुणे, १८ डिसेंबर २०२४

काका,

पत्त्याबद्दल माफी. चूक माझीच.

साठही पिशव्यांचे आकडे आले. क्षारांचा आकडा चारच्या आत असेल तर जमीन निरोगी धरतात. तुमच्या पिशव्यांचे आकडे सात ते नऊ आहेत. सगळ्यांचे. मॉडेल तर या आकड्यांवर इतकं छान बसलं की साहेबांनी मीटिंगमध्ये माझं नाव घेऊन कौतुक केलं. तीन वर्षांत पहिल्यांदा. बाकी वेळी मी त्यांना "वो मैथ्स वाली मैडम" असते.

एकच गोष्ट मला छळते आहे. उपग्रहाच्या फोटोत पिपरिया हिरवंगार दिसतंय. एवढ्या क्षारांत गहू पिवळा पडायला हवा, जागोजाग उगवायलाच नको. मी आठ दिवस फोटोतली चूक शोधते आहे, सापडत नाही. तुम्ही रोज बघता. गहू कसा दिसतो?

अंबिका

झाशी, ५ जानेवारी २०२५

चि. अंबिका,

गहू कसा दिसतो म्हणजे काय? गव्हासारखा दिसतो. गुडघ्याला लागतोय. असा गहू मी जन्मात पाहिला नाही असं मुळीच म्हणणार नाही, कारण मी गहू पाहिला तो मालगाडीच्या डब्यातून जाताना किंवा ताटात. पण लोक खूश आहेत. एक-दोन तुकडे तेवढे विरळ आहेत.

उरलेल्या साठ पिशव्या सोबत आहेत. सकाळी धुकं इतकं असतं की दहाशिवाय काही दिसत नाही, आणि दोन वाजता परतीचा ट्रॅक्टर निघतो. मधल्या वेळात जेवढं होतं तेवढं केलं. काम पुरं झालं. आता तू तुझं मॉडेल कर आणि मला काकूच्या तावडीत राहू दे. ती मला रोज भाजी निवडायला बसवते.

जगन्नाथकाका

पुणे, २२ जानेवारी २०२५

काका,

राग आवरून लिहायचा चार दिवस प्रयत्न केला. जमला नाही.

दुसऱ्या साठ पिशव्या, पुन्हा सात ते नऊ. काका, जमीन अशी नसते. एका शेताच्या दोन टोकांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, इथे एकशेवीस ठिकाणं एका सुरात बोलत आहेत. आणि वर गहू गुडघ्याला लागलाय म्हणता. दोन्ही गोष्टी खऱ्या असूच शकत नाहीत. मी उपग्रहाला दोष दिला, प्रयोगशाळेला दोष दिला, तिथल्या पार्थशी भांडून तीस पिशव्या पुन्हा तपासून घेतल्या. तेच आकडे. आता एकच शक्यता उरते. तुम्ही त्या भानुमतीबाईंच्या दारात चहा पीत बसलात, आणि एकाच ढिगातून एकशेवीस पिशव्या भरल्यात.

थंडी होती, धुकं होतं, वय झालंय, सगळं समजते मी. जमत नव्हतं तर तसं कळवायचं. पहिल्या साठ पिशव्यांवरून केलेला नकाशा डिसेंबरातच वर गेलाय. तुम्हाला मी हे सांगितलं नव्हतं, कारण तो कच्चा आहे असं मला वाटत होतं. वरच्यांना तसं वाटलं नाही. पूर्ण पिपरिया लाल रंगात आहे. क्षारपड जमिनीला जास्त पाणी दिलं की खालचे क्षार आणखी वर येतात, म्हणून लाल भागाचं कालव्याचं पाणी निचऱ्याचे चर खणून होईपर्यंत बंद ठेवायचा नियम आहे. मला खरं काय ते कळवा.

अंबिका

झाशी, ३ फेब्रुवारी २०२५

अंबिका,

तुझं पत्र काकूला वाचून दाखवलं नाही. ती तुझी बाजू घेते, आणि या खेपेला तिने ती घेऊ नये असं मला वाटलं.

तीस वर्षं मी गाडीच्या शेवटच्या डब्यात बसलो. पुढे काय चाललंय हे ज्याला दिसत नाही, त्याच्या सहीवर गाडी सुटते. एकदाही खोटी सही केली नाही. आणि तू लिहितेस एका ढिगातून.

पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी पिपरियाला गेलो. पंचायतीच्या भिंतीवर नोटीस लागली आहे. सारा गाँव ऊसर प्रभावित, नहर का पानी अगले आदेश तक बंद. ऊसर म्हणजे ज्या जमिनीत काही उगवत नाही ती. गव्हाला अजून दोन पाणी लागतात आणि ओंबी धरायची वेळ आलीय. लोक नोटीस वाचत होते आणि मग माझ्याकडे बघत होते. भानुमती दारात होती. तिने चहा विचारला नाही.

आता ऐक मी काय केलं ते. चिठ्ठीवरची खूण शोधायची आणि तिथून सर्वांत जवळच्या मेंडेवर, म्हणजे तुझ्या मराठीत बांधावर, जाऊन खणायचं. प्रत्येक वेळी. एकशेवीस बांध, एकशेवीस खड्डे, हवं तर येऊन मोज. तुझ्याच अक्षरात लिहिलंय, दहा पावलं इकडे-तिकडे चालतील. इथले तुकडे केवढे असतात तुला माहीत आहे का? वीस पावलांचे. मधोमध उभं राहिलं तरी दहा पावलांवर बांध येतो. पेरलेल्या शेतात बूट घालून शिरायचं नाही, हे तुझ्या आजोबांनी आम्हा भावांना थोबाडीत देऊन शिकवलं होतं. बांध असताना मी कुणाचा गहू कशाला तुडवू? तू परवानगी दिलीस, मी ती पाळली.

पुन्हा असं लिहू नकोस.

जगन्नाथ

पुणे, ८ फेब्रुवारी २०२५

काका,

तुमचं पत्र ऑफिसात उभ्यानेच वाचलं.

शेतात पाणी भरतं तेव्हा बांध पाण्याच्या वर राहतो. त्याच्यावरून पाणी कधी वाहत नाही, त्यामुळे तो धुतला जात नाही. दोन्ही बाजूंची ओल मात्र तो शोषून घेतो, उन्हाने ती ओल उडून जाते आणि क्षार तेवढे बांधात साचतात. वर्षानुवर्षं. शेत कितीही गोड असलं तरी बांध खारटच निघणार. तुम्ही पिपरियाची जमीन नाही, पिपरियाचे बांध मोजलेत. आणि मोजायला मी सांगितलं. पुण्यात बसून, तिथला तुकडा केवढा आहे हे न बघता, "दहा पावलं" लिहिणारी मी.

मला सर्वांत जास्त चीड याची येते की मॉडेल उत्तम बसलं होतं. चूक दहा-पाच पिशव्यांत असती तर मॉडेलने ती लगेच पकडली असती. सगळ्याच पिशव्यांत तीच चूक होती, म्हणून त्याने तिलाच खरं मानलं. आणि साहेबांनी कौतुक केल्यावर मीही मानलं. हिरवा गहू डोळ्यांसमोर होता, पण मी गव्हावर संशय घेतला, तुमच्यावर घेतला, आकड्यांवर घेतला नाही. मी ते पत्र लिहायला नको होतं. त्या वाक्याची मला लाज वाटते.

साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, गेलेला नकाशा परत घेता येत नाही, पुढच्या फेरीत दुरुस्त करू. पुढची फेरी दोन वर्षांनी आहे. मी तीन टेबलं फिरले. शेवटी एवढंच पदरात पडलं की अठ्ठावीस फेब्रुवारीपर्यंत निदान चाळीस ठिकाणची नवी माती आली, शेताच्या मधली, तर फेरविचार होईल. साहेबांनी हेही ऐकवलं की माझं कंत्राट मार्चअखेर संपतंय आणि स्वतःचाच अहवाल खोडणाऱ्यांना ते वाढवून मिळाल्याचं त्यांना आठवत नाही.

कंत्राटाचं माझं मी बघेन. पण काका, शेताच्या मधली माती म्हणजे ओंबीवर आलेल्या गव्हात शिरावं लागेल. हे मी कुठल्या तोंडाने सांगू?

चाळीस चिठ्ठ्या सोबत आहेत. या खेपेला पत्ता बरोबर आहे.

अंबिका

झाशी, २१ फेब्रुवारी २०२५

चि. अंबू,

चाळीस पिशव्या सोबत आहेत. तुझी माफी पोचली. माझीही एक घे. बांधावर मी गेलो ते केवळ संस्कारामुळे, असं मागच्या पत्रात मोठ्या तोऱ्यात लिहिलं. निम्मं खरं आहे. निम्मा माझा डावा गुडघा. ओल्या वाफ्यात उतरलो की तो मला परत वर येऊ देत नाही, आणि बांध कोरडा असतो. बांधावरची पांढरी भुकटी मला दिसली होती. काकूच्या भिंतींना लोणा लागतो तशीच. पण मी बूट झटकले आणि पुढे गेलो. विचारलं असतं तर तुला तेव्हाच कळलं असतं.

चिठ्ठ्या घेऊन गेलो तेव्हा गाव माझ्याशी बोलायला तयार नव्हतं. मी पंचायतीच्या पायरीवर उभा राहून सगळं सांगितलं. चूक माझी आणि माझ्या पुतणीची आहे, जमीन तुमची चांगली आहे, पण ते सिद्ध करायला मला तुमच्याच उभ्या पिकात जावं लागेल. एकाने विचारलं, पाणी पण तुम्हीच तोडणार आणि पीक पण तुम्हीच तुडवणार का.

भानुमती उठली, विळा घेऊन आली आणि स्वतःच्या शेताच्या मधोमध जाऊन तिने खाटेएवढा गहू कापला. ओंब्या अजून दुधावर होत्या. तो भारा तिने म्हशीपुढे टाकला आणि मला म्हणाली, "आओ, खोदो." त्यानंतर कुणी मला नाही म्हटलं नाही. आठ दिवसांत चाळीस शेतांत लोकांनी आपल्या हाताने जागा करून दिली. मी बूट बांधावर काढून अनवाणी आत गेलो. गुडघ्याचं काय झालं ते काकूला विचार.

आता एक गोष्ट, जी तुला एकटीलाच सांगतो. तिच्या शेताची पिशवी एकतीस नंबरची आहे. तिथला गहू मी जवळून पाहिला, विरळ आहे आणि टोकं करपलेली. माती जिभेला लावली. तिला मी काही बोललो नाही, तीच म्हणाली की तीन वर्षांपासून असं आहे, आमच्यात खार निघेल. म्हणजे ठाऊक असून ती सगळ्यांत आधी उठली. त्या क्षणी मला वाटलं, शेजारच्या शेतातली माती भरून एकतीस नंबरची चिठ्ठी लावावी. हात पिशवीत होता. भरली नाही. पण तुला विनंती करतो, आयुष्यात पहिल्यांदाच अशी, की ती पिशवी फुटली म्हण, हरवली म्हण. काय म्हणायचं ते म्हण.

काका

पुणे, ११ मार्च २०२५

काका,

चाळीसपैकी एकोणचाळीस पिशव्या चारच्या आत. एकतीस नंबर, साडेअकरा.

फेरविचार झाला. पिपरियाचं पाणी सुरू करण्याचा आदेश काल निघाला. आणि आज कळलं की कालव्याची या हंगामातली शेवटची पाळी पाच तारखेलाच संपली. म्हणजे आदेश पुढच्या नोव्हेंबरला लागू. मी साहेबांच्या खोलीत इतकी जोरात बोलले की बाहेरची माणसं आत आली. काही उपयोग झाला नाही. गावाच्या गव्हाची शेवटची दोन पाणी माझ्या नकाशाने खाल्ली ती खाल्लीच. माझं कंत्राट वाढलेलं नाही, ते तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा मीच सांगते.

आता एकतीस नंबर. तुमची विनंती वाचून मला आधी राग आला, मग नाही आला. पण पिशवी हरवायची गरजच नाही, काका. मॉडेल प्रत्येक शेताचा अंदाज आजूबाजूच्या शेतांवरून बांधतं. चहूबाजूंनी निरोगी शेतं आणि मध्ये एक खारट, तर ते त्या एकाला अपघात समजतं आणि शेजाऱ्यांच्या रंगात रंगवून टाकतं. नव्या नकाशात भानुमतीबाईंचं शेत हिरवं आहे. मी काहीही केलेलं नाही. काही केलं नाही तर ते हिरवंच राहील.

पण हिरव्या शेताला जमीन सुधारायची जिप्समची पोती मिळत नाहीत, आणि त्यांची जमीन वर्षावर्षाने मरत जाईल. मी हाताने लाल केलं, तर जिप्सम मिळेल, पण चर होईपर्यंत एकट्या त्यांचं पाणी बंद. हे मी पुण्यात बसून ठरवणार नाही. एकदा ठरवलं तेवढं पुरे झालं. तुम्ही त्यांना विचारा. माझ्याकडे एकतीस तारखेपर्यंत नकाशाला हात लावायचा अधिकार आहे.

अंबू

झाशी, १९ मार्च २०२५

चि. अंबू,

विचारून आलो. दाणा चिमलेला आहे, सगळ्यांचाच.

भानुमतीला जिप्सम, पाणी, हिरवं, लाल सगळं नीट समजावून सांगितलं. तुझ्या मॉडेलने तिला शेजाऱ्यांत मिसळून टाकलंय हेही सांगितलं. ती ऐकत होती आणि गहू पाखडत होती. मग म्हणाली की लाल करा. एक साल पाणी नसलं तर हरभरा पेरेन, ओलीवर जेवढा होईल तेवढा. मी म्हटलं, घाई करू नकोस. तर तिने सूप खाली ठेवलं.

"लाल करो, पर हमाओ नांव लिखो. गांव को नांव मत लिखियो."

मी तिला सांगितलं की सरकारी नकाशात माणसांची नावं नसतात, तिथे फक्त गावाचं नाव आणि शेताचा नंबर असतो. एका बाईच्या शेतासाठी तिचं नाव कोणी छापत नाही.

"तो पैलें पूरे गांव को नांव कैसें लिख दओ तो?"

म्हणजे, मग आधी अख्ख्या गावाचं नाव कसं लिहून टाकलंत? याचं उत्तर तुला येत असेल तर कळव, ती वाट बघते आहे.

काका